अर्ध्या कमानीचा आधार

क्लिफर्ड डिन्सडेलला गवंडीकाम शिकवलं त्याच्या मामाने. मामाची सगळी विद्या एका वाक्यात मावायची: भिंत ओळंब्यात नसेल तर ती भिंत नाही, दगडांचा ढीग आहे. मामा ओळंबा लावायचा, एक डोळा मिटायचा आणि दोरी केसभर जरी सरकलेली दिसली, तरी क्लिफने सकाळभर खपून रचलेला थर बुटाने ढकलून द्यायचा. वर म्हणायचा, "आता चहा पी, आणि मग नीट लाव."

अशा माणसाच्या हाताखाली तयार झालेला क्लिफ पुढे सगळं आयुष्य पडक्या भिंती पडक्याच ठेवण्यात घालवणार, हे मामाला कुणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याला थापी फेकून मारली असती.

ऑर्मस्केल हॉल म्हणजे गावचा जुना दगडी वाडा; तो पाडला ना आगीने, ना तोफांनी. पाडला घरपट्टीने. युद्ध संपलं तेव्हा मालकांच्या खिशात फारसं काही उरलं नव्हतं, आणि छप्पर असलेल्या घराला कर होता, बिनछपराच्या घराला नव्हता. मालकांनी छप्परच उतरवलं. छपरावरचं शिसं विकलं, तुळया विकल्या, खिडक्या विकल्या आणि मंडळी दक्षिणेला समुद्राकाठच्या एका छोट्या बंगल्यात राहायला गेली. पाऊस आत शिरला तो कायमचा. गावानेही मग हात धुऊन घेतले. ऑर्मस्केल गावात एकही घर असं नाही, ज्यात हॉलचा एखादा दगड नाही. पाद्र्याच्या बागेतला बाक हॉलचा. पबमधल्या शेकोटीची फरशी हॉलची. क्लिफच्या सासूच्या डुकरांच्या खुराड्याला तर द्राक्षांचे घोस कोरलेली चौकट होती आणि तिच्यातून डुकरीण मोठ्या ऐटीत तोंड बाहेर काढून बघत बसायची.

मग कधीतरी लोकांना पडक्या घरांचं प्रेम आलं. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या कार्यालयाने हॉल ताब्यात घेतला, गवत कापलं, तिकिटाची टपरी टाकली आणि एका उन्हाळ्यापुरता गवंडी हवा म्हणून क्लिफला बोलावलं. तो उन्हाळा काही संपला नाही. क्लिफचे केस गेले, गुडघे गेले, चुन्याने बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा पडल्या, तरी तो तिथेच.

काम वाईट नव्हतं. नियम वाईट होता. नियम असा की वास्तू जशी सापडली तशी ठेवायची. कमी होऊ द्यायची नाही, वाढवायचीही नाही. भिंतीचा माथा सुटला तर चुन्यात बसवायचा, पण सापडला होता तसाच वेडावाकडा.

कार्यालयातून नवीन आलेल्या मिस गार्लंडशी त्याची पहिली गाठ पडली ती ह्याच गोष्टीवरून. पोरगी हुशार, चिखलात बूट घालायला न लाजणारी, नावाने फिलिपा. क्लिफने स्वयंपाकघराच्या भिंतीचा माथा दोन आठवडे खपून बांधून काढला होता. ती शिडीवर चढली, बघितलं आणि खाली उतरली.

"मिस्टर डिन्सडेल, हे जरा… बांधल्यासारखं दिसतंय."

"बांधलंयच मी."

"हो, पण ते पडल्यासारखं दिसायला हवं ना."

"पडल्यासारखं."

"म्हणजे आपोआप पडल्यासारखं. मुद्दाम पाडल्यासारखं नको."

त्या दिवशी क्लिफने स्वतःच्या हाताने स्वतःचा थर उसकटला. एक दगड पुढे, एक मागे, एक तिरका. तिरका दगडसुद्धा त्याचा हात नकळत पाणसळीत बसवायचा. मग तो पुन्हा उचकटून आणखी तिरका करायचा. संध्याकाळी घरी येऊन त्याने टोपी खुर्चीवर आपटली.

"आज दिवसभर काय केलं माहितीय? दारुड्याने बांधावी तशी भिंत बांधली. आणि बाई म्हणाली, छान."

एनिड बटाटे सोलत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या रागाकडे ती किटलीच्या शिटीकडे बघावं तसं बघायची; वाजली की गॅस बंद करायचा, एवढंच.

"मग आपल्या बागेची भिंत का नाही बांधत?" ती म्हणाली. "गेल्या थंडीत पडलीय. शेजारणीच्या मेंढ्या माझी कोबी खातायत."

"तिला हात नाही लावायचा. जसं सापडलं तसं."

"माझी कोबी मला जशी लावली तशी सापडू दे, मग तुझं बघू."

क्लिफच्या मनात सल होता तो मात्र भिंतींचा नव्हता. कमानीचा होता. मामाकडे शिकताना त्याने भिंती रचल्या, चौकटी बसवल्या, धुराडी चढवली. कमान तेवढी राहिली. मामा म्हणायचा, "पुढल्या वर्षी." आणि पुढल्या वर्षाआधीच मामाला दम्याने गाठलं. मग क्लिफ हॉलवर आला, आणि हॉलवर नवीन काही करायचंच नव्हतं. सगळं आयुष्य दगडात काढून एकही कमान पुरी केली नाही, हे तो कुणाला सांगत नसे. कमानीचं वेगळेपण असं की ती बांधताना उभी नसते. खाली लाकडाचा अर्धगोल साचा असतो, तो सगळं ओझं पेलतो. मधला दगड बसला, साच्याखाली ठोकलेल्या पाचरी सैल केल्या, साचा खाली सरकला की मग कळतं. उभी राहिली तर राहिली. गवंड्याला ते एकदाच कळतं, आणि क्लिफला ते एकदाही कळलं नव्हतं.

हॉलच्या मोठ्या दिवाणखान्याला पश्चिमेकडे एक भलीमोठी खिडकी होती. तिची अर्धी कमान शिल्लक होती. डावीकडून वर चढत यायची आणि मध्येच हवेत संपायची. तिकिटाच्या टपरीत विकली जाणारी पोस्टकार्डं ह्याच अर्ध्या कमानीची. मागे सूर्यास्त, खाली मेंढी. वास्तविक अर्धी कमान हा प्रकार जगात असूच शकत नाही. तिला धरून ठेवलं होतं मनगटाएवढ्या जाड आयव्हीच्या वेलीने. मिस गार्लंडच्या आधीच्या साहेबांनी वेल भिंतीला खाते म्हणून ती बुंध्याशी कापायला लावली. वेल वाळली, कुजली, आणि मागच्या हिवाळ्यात दोन दगड खाली आले.

"आता बाकीचेही येणार," क्लिफ म्हणाला.

"म्हणूनच लोखंडी सळया घालायच्या ठरल्यात," मिस गार्लंड म्हणाली. "मागून, म्हणजे दिसणार नाहीत. अर्धी कमान आहे तशी राहील."

"अर्धी कमान राहत नसते, मिस गार्लंड. डावी बाजू उजवीला ढकलते, उजवी डावीला. दोघी एकमेकींना पडू देत नाहीत, त्याचंच नाव कमान. एकटी बाजू म्हणजे निव्वळ लटकलेले दगड. आणि उजव्या बाजूचे सगळे दगड तिथे खाली झुडपांत पडले होते. मी ते एकेक काढून गवतावर ओळीने मांडलेत. वर चढवू द्या."

"ते मी करू शकत नाही. ती पुनर्बांधणी झाली."

"तेच दगड, तीच जागा!"

"लोक अर्धी कमान बघायला येतात, मिस्टर डिन्सडेल."

"लोकांचं काय, पोरी! लोक अपघातही बघायला उभे राहतात."

ती रागावली नाही. तिने वर बघितलं, खाली गवतातल्या दगडांच्या ओळीकडे बघितलं आणि म्हणाली, "सळयांसाठी भोकं पाडायची तर आधी खालून आधार लागेल. तो तात्पुरता आधार तुम्हीच द्या. कसा द्यायचा ते तुम्हाला चांगलं कळतं."

"अर्ध्या कमानीला सगळ्यात चांगला आधार म्हणजे तिची उरलेली अर्धी," क्लिफ म्हणाला.

ती हसली. "हे मी कागदावर लिहू शकत नाही." आणि गाडीत बसून निघून गेली.

ह्या वेळी ती क्लिफला 'नाही' म्हणाली नव्हती. ख्रिसमसला तो निवृत्त होणार होता. त्याने ठरवलं.

साच्यासाठी लाकूड दिलं जेफ आल्डरसनने. जेफ मेंढ्या पाळायचा आणि डोंगरभर बिनचुन्याच्या, नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती बांधायचा. त्याच्या मते चुना वापरणारा गवंडी म्हणजे काठी घेऊन चालणारा माणूस. त्याच्या रानातलं लार्चचं झाड नुकतंच तोडलेलं होतं, ओलंगच्च.

"ओलं आहे, चालेल ना तुला?"

"चालेल. पण मला आणखी एक हवंय." क्लिफने जेफच्या गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. दार उघडं राहावं म्हणून तिथे एक दगड टेकवलेला होता. वर रुंद, खाली निमुळता, पुढच्या अंगाला कोरलेलं गुलाबाचं फूल, आणि त्या फुलावर शेणाचा थर. "तो मधला दगड आहे. कमान पुरी करणारा."

"तो माझ्या आजोबांनी आणलेला आहे."

"चोरलेला."

"उचललेला. त्या वेळी सगळेच उचलत होते. तुझ्या सासूच्या डुकरिणीला महालात राहताना लाज वाटली का?"

"देतोस की नाही?"

"मग माझं दार कशाने अडवू?"

"तू उभा राहा. नाहीतरी दिवसभर काय करतोस?"

जेफ खदखदून हसला, आणि दगड ट्रॅक्टरवर चढवून दिला. एवढंच नाही, पुढचे चार दिवस स्वतः येऊन दोर ओढू लागला. दोर ओढता ओढता त्याची तोंडपाटीलकी चालूच. "इतका चुना? अरे, केक करतोयस की कमान?" क्लिफ उत्तर देत नव्हता. साचा बसला, पाचरी ठोकल्या गेल्या, उजवीकडून एकेक चिरा वर चढत गेला. प्रत्येक दगड आपली जागा ओळखत होता. शेवटी गुलाबाचं फूल घासूनपुसून वर गेलं, क्लिफने लाकडी हातोड्याने तीन हलके ठोके दिले आणि तो मधला दगड असा आत बसला, की जेफसुद्धा दोर सोडून वर बघत राहिला.

आता चुना धरेपर्यंत थांबायचं, आणि मग पाचरी सैल करायच्या. क्लिफ रोज सकाळी जाऊन सांध्यांना नख लावून बघायचा. चुना अजून मऊ होता. घरी तो इतका गोडीगुलाबीने वागू लागला, की एनिडने विचारलं, "तुला ताप आहे का?"

पाचरी सैल करायच्या त्या आठवड्यातच मिस गार्लंड आली. बरोबर कार्यालयाचा सुरक्षेचा माणूस, डोक्यावर प्लास्टिकचा टोप. दोघं खिडकीखाली उभे राहिले. संध्याकाळचं ऊन पूर्ण कमानीतून गवतावर पडलं होतं. तिथे असं ऊन बघितलेला माणूस गावात एखादाच जिवंत असेल.

"सुंदर आहे," ती हळूच म्हणाली. मग घसा साफ करून म्हणाली, "पण हा तात्पुरता आधार आहे ना?"

"हो," क्लिफ म्हणाला. "तात्पुरता. साचा काढला की झालं."

"साचा काढता येणार नाही," सुरक्षेचा माणूस म्हणाला.

"का?"

"कमान ठेवायची की उतरवायची हे समिती ठरवेल. तोवर आधार हलवायचा नाही. खाली लोक फिरतात."

"अहो, पण साचा काढल्याशिवाय कमान उभी आहे की नाही हे कळणार कसं?"

"तेच तर. उभी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय आधार काढता येणार नाही."

क्लिफने मिस गार्लंडकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "समितीची बैठक वसंतात आहे, मिस्टर डिन्सडेल. मी बाजू मांडेन. मनापासून मांडेन."

खिडकीभोवती दोर लावला गेला. 'तात्पुरते काम, जवळ येऊ नये' अशी पाटी टांगली गेली, तीही वाकडी. पोस्टकार्डावरच्या अर्ध्या कमानीसाठी आलेले लोक पाटी बघून कुरकुरत आणि तिकिटाचे पैसे परत मागत. पूर्ण कमान त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण लाकडांच्या जंजाळात ती कुणाला दिसेना. एक बाई क्लिफलाच म्हणाली, "दरवेळी आलं की काहीतरी खोदूनच ठेवलेलं असतं तुमचं!"

ख्रिसमस आला. क्लिफ निवृत्त झाला. कार्यालयाने त्याला एक घड्याळ दिलं आणि एक ग्लास शेरी पाजली. वसंतात समिती बसली आणि तिने विषय शरद ऋतूपर्यंत पुढे ढकलला. क्लिफ घरात येरझाऱ्या घालू लागला. एनिड म्हणाली, "भिंत बांध." त्याने बागेची भिंत बांधायला घेतली आणि अर्धी टाकली. "मन लागत नाही," तो म्हणाला. "तिकडे सगळं बांधून झालंय आणि मला अजून माहीत नाही मी काय बांधलंय."

"तिकीट काढून जा आणि बघ."

"बघून काय कळतं? लाकडावर ठेवलेला दगड काय, धोंडाही उभा राहतो."

मे महिन्यात पूर्वेचा वारा सुटला. त्या भागात हा वारा लागला की ओल म्हणून राहत नाही. दोरीवरचे कपडे पापडासारखे होतात, दारांच्या फळ्यांना चिरा पडतात. तीन आठवडे तो थांबला नाही. एका दुपारी क्लिफ हॉलवर गेला. टपरीतली पोरगी ओळखीची, तिने तिकीट मागितलं नाही. दोराखालून वाकून तो खिडकीशी गेला आणि त्याने सहज वर बघितलं.

दगड आणि लाकूड यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ होती.

त्याने शिडी लावली. गुडघे कुरकुरले, त्याने त्यांना शिव्या दिल्या आणि चढला. जेफचं ओलं लार्च वाऱ्याने सुकलं होतं. फळ्या आक्रसल्या होत्या, पाचरी आक्रसल्या होत्या, आणि साचा हळूहळू, कुणालाही न विचारता, कमानीखालून खाली बसला होता. क्लिफने खिशातून सँडविचचा कागद काढला, त्यातला उरलेला चीजचा तुकडा तोंडात टाकला आणि कागद त्या फटीत सरकवला. डावीकडून सरकवत सरकवत वर नेला, गुलाबाच्या फुलाखालून नेला, उजवीकडे उतरवला. कागद कुठेही अडला नाही.

कमान उभी होती. किती दिवसांपासून कोण जाणे, एकटी उभी होती.

क्लिफने दगडाला तळहात लावला, एखाद्या घोड्याच्या मानेला लावावा तसा, आणि खाली उतरून जवळजवळ पळतच घरी आला.

"एनिड! उभी आहे! लाकडाला टेकलेलीसुद्धा नाही!" टोपी न काढताच त्याने फोन उचलला. "थांब, आधी त्या पोरीला सांगतो. आता सिद्ध झालं ना? आता बघू तो टोपवाला काय म्हणतो!"

एनिडने हातातला कपडा खाली ठेवला. "तू काय सांगणार तिला?"

"की आधार कमानीला लागतच नाहीये."

"आणि टोपवाला काय म्हणेल?"

क्लिफने डायलवर ठेवलेलं बोट उचललं.

"तो म्हणेल आधार सैल झालाय," एनिड म्हणाली. "माणूस पाठवेल. पाचरी ठोकून घट्ट करायला."

फोनमधून घरघर येत होती. क्लिफच्या डोळ्यांसमोर तो माणूस आला. कुणीतरी अनोळखी, हातात मोठा हातोडा, खालून पाचरीवर घाव घालणारा. साचा वर चढणार, दगड खालून उचलले जाणार, धरलेला चुना सांध्यासांध्यातून फुटणार. कमान पाडण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला.

"मग मी काय करू?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आयुष्यात एक कमान बांधली! एक! उभी राहिली, आणि मी गप्प बसू?"

"बस."

"शरदात तरी ठरवतील का ते?"

"ह्याच शरदात म्हणालेत का?" एनिड म्हणाली आणि किटली ठेवली.

शनिवारी दोघं पबमध्ये गेले. जेफ शेकोटीपाशी बसला होता, हॉलच्या फरशीवर बूट ताणून. क्लिफला बघताच त्याला सुरसुरी आली.

"काय रे, अजून लाकडं काढली नाहीत? मी सांगतो तुला, हात लावू नकोस. लाकडं काढलीस की तो माझा दगड थेट कुणाच्या तरी टाळक्यात. मग ती समिती माझ्या आजोबांना पकडेल." भोवतालचे हसले. जेफला आणखी चेव आला. "चुन्याचं कामच तसं. लाकडावर काय, माझी कोंबडीसुद्धा उभी राहते! माझ्या भिंती बघ. ना चुना, ना लाकूड. नुसत्या उभ्या."

क्लिफने ग्लास उचलला, खाली ठेवला. त्याचं तोंड उघडलं. एनिडने टेबलाखालून त्याच्या घोट्यावर पाय दाबला, चांगलाच दाबला. जेफला कळलं की उद्या डोंगरभर कळणार, आणि परवा टोपवाल्याला.

"लाकडावरच आहे ती," क्लिफ म्हणाला.

"बघा! स्वतः कबूल करतोय!"

"हो, जेफ. लाकूड नसतं तर पडली असती."

त्याचा चेहरा असा काही झाला होता, की जेफचं हसू ओसरलं. म्हातारा फारच मनाला लावून घेतोय असं त्याला वाटलं. तो उठला, क्लिफच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "जाऊ दे रे. प्रत्येकालाच सगळं जमतं असं नाही." मग दयेपोटी त्याने क्लिफसाठी आणखी एक ग्लास मागवला, आणि क्लिफला तो सगळ्यांसमोर, आभार मानून, शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.